प्रतिसाद: साधेपणा शिवायलाच अवघड

वर कुणीतरी लिहिलंय की गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचे कपडे म्हणजे 'पांढरा झगा, त्यात डिझाइन कुठाय?', आणि वर महागही. म्हापशातल्या कुठल्याही चांगल्या शिंप्याला विचारा, तो सांगेल. जरी-टिकल्यांखाली वाकडी शिवण लपते, कोऱ्या पांढऱ्या कापडावर ती लगेच डोळ्यांत भरते.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅशन म्हणजे लग्नाचे जड लेहेंगे. या माणसाने मात्र मलमल, लिनन असं हलकं कापड घेतलं आणि रेडिमेडसाठी कापलं. त्यांचा आवडता तिरपा कट बघा. कापड उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशांत ठेवून कापलं की ते थोडं ताणतं, अंगावर आपसूक पडतं. चुण्या-चेन फारशा लागत नाहीत आणि एकच माप दोन-तीन बांध्यांना चालून जातं. तयार कपड्यांच्या धंद्यात याहून मोठी सोय कुठली? (कापड जास्त वाया जातं, ते वेगळं. किंमतही त्यामुळे चढते, आणि तुमची महागाईची तक्रार मला पटते.)

शिवाय आपल्या दमट हवेत घामेजलेल्या अंगाला न चिकटणारा कपडा हवाच की!

कुणबी साडीचा उल्लेख राहून गेला. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची ही शेतावरची साडी त्यांनी पुन्हा विणून घेऊन रॅम्पवर आणली. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या कोलवाळ गावी त्यांचं निधन झालं. गोव्याच्या वेशभूषेचं संग्रहालयही त्यांनी तिथल्याच आपल्या जुन्या घरात मांडायला घेतलं होतं.