मासेमारीचं मिचेल ३०० रीळ जाम झालंय, उघडू का?

खाडीवाला: मामांच्या माळ्यावर काळं मिचेल ३०० मिळालं. हँडल जड फिरतं, बेल (दोरी रिळावर गुंडाळणारी तारेची कमान) मिटत नाही. उघडू? हँडल उजवीकडे घेता येईल? पावसाळ्यात खाडीत जिताड्याला वापरायचंय.

दर्यादादा: उघडा हो, बिनधास्त. ही रिळं फ्रान्सच्या क्लूझची. तो घड्याळाचे भाग घडवणारा मुलूख, आतली दातेरी चाकं बघाल तेव्हा कळेलच. जड फिरतंय म्हणजे बहुधा ग्रीस वाळून घट्ट झालंय. बाजूचं झाकण काढा, प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासा. चाकांना मरीन ग्रीस, हँडलच्या मुठीला तेलाचा थेंब. ग्रीसऐवजी डब्ल्यूडी-४० चा पातळ स्प्रे मारणारे मला दिसले की हात शिवशिवतात! बेल मिटत नाही तर आधी तिची स्प्रिंग बघा, जुन्या रिळांत तीच मोडते. हँडल मात्र डावीकडेच. उजव्या हँडलचं ३०१ वेगळं येतं.

गरीबाज: ब्रेड (विणलेली दोरी) भरू नका, जुन्या लाइन रोलरला, म्हणजे बेलवर दोरी सरकते त्या भागाला, खाच पडते. साधा तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) भरा. आणि खाऱ्या पाण्यासाठी त्यांचं मोठं ३०२ होतं. मोठा जिताडा खांबाकडे पळाला तर ३०० च्या ड्रॅगवर (मासा ओढतो तेव्हा दोरी आवरणारा ब्रेक) माझा भरवसा नाही.

दर्यादादा: खरंय. तांबोशीची पिल्लं, पालू, एवढ्यावर भागवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा, पण नळाची धार आत मारू नका.

खाडीवाला: झाकण उघडलं. ग्रीस अगदी डिंकासारखं. स्प्रिंगचे दोन तुकडे! नवी कुठे मिळेल?

दर्यादादा: ईबेवर. मॉडेल नंबर नीट टाका.