अलास्का क्रूझ : आईबाबांना घेऊन जाताना कोणत्या सहली घ्याव्यात?

रानवारा

नमस्कार मंडळी. आम्ही बेलव्ह्यूला राहतो. जुलैत नाशिकहून आईबाबा येत आहेत, त्यांना घेऊन सिअ‍ॅटलहून सात दिवसांची अलास्का क्रूझ करायचा विचार आहे. बुकिंग अजून केलेलं नाही. दोन बोटी मनात आहेत : एक ग्लेशियर बेला जाते, दुसरी एंडिकॉट आर्मला. ज्युनो, स्कॅगवे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरिया दोन्हींत आहेच. बाबा सत्तरीचे, पण चालायला ठणठणीत. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत.

सहलींचे दर पाहून धडकीच भरली. प्रत्येक बंदरावर काहीतरी घ्यायलाच हवं का? आणि बाल्कनीची खोली घेतली तर हिमनद्या तिथूनच नीट दिसतील का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

पाणकोळी

आधी बोट ठरवा, सहलींचं नंतर बघा. लोक बंदरांवरच्या सहलींचा महिनाभर कीस पाडतात आणि बोट कोणत्या हिमनदीपाशी जाणार हे बघतच नाहीत. माझ्या मते अलास्का क्रूझचा सगळ्यात मोलाचा दिवस हिमनदीचा, आणि त्या दिवशी वेगळं तिकीट काढायचंच नसतं.

तुमच्यापुढच्या दोन पर्यायांत मी डोळे मिटून ग्लेशियर बे घेईन. हे राष्ट्रीय उद्यान आहे, दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत सोडतात. बोट कुठेही लागत नाही, दिवसभर आतल्या पाण्यात हिंडते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकूव्हरची मोहीम इथे आली तेव्हा उपसागर जवळजवळ सगळा बर्फाखाली होता. १९१६ पर्यंत ते बर्फ शंभर किलोमीटरहून जास्त मागे सरकलं होतं. म्हणजे ज्या पाण्यावरून तुम्ही दिवसभर जाता, ते सगळं तेव्हा बर्फ होतं. हे माहीत असलं की काठावरची झाडीसुद्धा वेगळ्या नजरेने दिसते : तोंडाशी घनदाट जंगल, आत जावं तशी झुडपं, आणि शेवटी नुसता खडक.

एंडिकॉट आर्मही सुंदर आहे. अरुंद खाडी, दोन्ही बाजूंना कडे आणि धबधबे, टोकाला डॉझ ग्लेशियर. पण काही बोटी तो आणि ज्युनो एकाच दिवसात उरकतात, मग दोन्हींना वेळ कमी पडतो. वेळापत्रक नीट बघा. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये प्रचंड दरड कोसळून त्सुनामी आली होती, त्यामुळे तिथल्या जुन्या प्रवासवर्णनांवर बेत आखू नका.

बाल्कनीबद्दल : हिमनदीसमोर बोट सावकाश फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. डावी की उजवी यावर जास्त पैसे घालवू नका. आईंसाठी बाल्कनी जरूर घ्या, खुर्ची टाकून पांघरूण घेऊन बसता येईल. रेंजरचं बोलणं बऱ्याच बोटींवर खोलीतल्या टीव्हीवरही लावतात. तुम्ही आणि बाबा मात्र वरच्या उघड्या डेकवर, शक्यतो पुढे जा. बोट पोचायच्या अर्धा तास आधीच. ग्लेशियर बेमधल्या मार्जरी ग्लेशियरचा कडा पाण्यावर सुमारे अडीचशे फूट आहे. कड्यावरून नजर हलवू नका, कारण गडगडाट कानावर येईपर्यंत बर्फ कोसळून गेलेलं असतं. थोडा वेळ फोन खिशात ठेवून नुसतं बघा, एवढीच कळकळीची विनंती.

बंदरांपैकी ज्युनोला पैसे खर्च करा, व्हेल बघायला. हवाईकडे हिवाळा काढलेले हंपबॅक व्हेल उन्हाळ्यात इथे खायला येतात. बस ऑक बेला नेते, तिथून छोटी बोट. बंद, उबदार केबिन आणि स्वच्छतागृह असलेली बोट निवडा, आईंना त्रास होणार नाही. बरोबर मेंडनहॉल ग्लेशियर असलेली जोडसहल मिळाली तर उत्तम. तिथे नगेट फॉल्सपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे, जायला साधारण दीड किलोमीटर. बाबा जाऊन येतील, आई माहितीकेंद्राच्या काचेतून हिमनदी बघू शकतील.

नॅरोगेज

स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे चुकवू नका! आईंसाठी याहून सोयीचं काही नाही, चढून बसलं की दोनअडीच तास नुसतं बघत राहायचं. काम १८९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत सुरू झालं आणि १९०० मध्ये पुरं झालं. रुळांमधलं अंतर तीन फूट, आपल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट; वळणं आणि दरीकाठचा थरार अगदी तिच्यासारखाच. समुद्रपातळीपासून वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते. जाताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला. वर पोचल्यावर बाकांच्या पाठी उलटवून प्रवाशांची बाजू बदलायला सांगतात, तेव्हा उजवीकडच्यांचंही नुकसान होत नाही. काही ठिकाणी खाली जुनी पायवाट दिसते. सोनं शोधायला निघालेले लोक वर्षभराचा शिधा, सुमारे टनभर सामान, त्या वाटेने खेपा घालून वर नेत होते, कारण त्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडत नसत.

चढताना पायऱ्या आहेत. लिफ्ट असलेले डबे मिळतात, पण आधी कळवावं लागतं. बुकिंग करतानाच सांगा.

चिंचोळी

केचिकनला काही विकत घेऊ नका असं माझं मत. क्रीक स्ट्रीटला ओढ्यावर खांबांवर उभी घरं आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच ओढ्यात सामन मासे वर चढताना दिसतात. फक्त बोट गावात लागणार की वॉर्ड कोव्हला ते बघा, तिथून गावात यायला बस घ्यावी लागते. पाऊस गृहीतच धरा. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

पाणकोळी

एक राहिलं. सहल बाहेरच्या एजन्सीकडून स्वस्त मिळते, पण परतायला उशीर झाला तर बोट थांबत नाही. बोटीतर्फे घेतलेल्या सहलीसाठी थांबते. व्हेलची सहल बाहेरून घ्यायला हरकत नाही, बोटीवर परतायच्या वेळेआधी दोन तास हाताशी ठेवा. रेल्वे मात्र बोटीतर्फेच घ्या.

उंबरठा

कोणी व्हिसाचं बोललंच नाही! या बोटी बहुतेक परदेशी ध्वजाच्या असतात आणि १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे त्यांना मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. कॅनडातलं व्हिक्टोरिया त्यासाठीच असतं. आईबाबांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागेल आणि अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा हवा. कागद अपुरे असतील तर सिअ‍ॅटललाच बोटीवर चढू देत नाहीत. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज ते नाशिकला असतानाच करून टाका.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लेशियर बेची बोट नक्की केली. ज्युनोला व्हेल, स्कॅगवेला रेल्वे, केचिकनला पायी. कॅनडाचं लक्षातच आलं नव्हतं, आजच बाबांना फोन करते. शेवटचा प्रश्न : आईला बोट लागते, काय करू?

पाणकोळी

सिअ‍ॅटलच्या बोटी बऱ्याचदा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या समुद्रातून जातात. तिथे हेलकावे जाणवतात. पुढे आतल्या पाण्यात शांत असतं. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. आणि दुर्बिणी दोन तरी न्या. एकच असेल तर ती कायम दुसऱ्याच्या हातात असते.