एमडी (मेफेड्रोन) २ ग्रॅमच्या आत सापडलं, तर तुरुंगाऐवजी उपचार: एनडीपीएस (अमली पदार्थांच्या कायद्याचं) कलम ६४ए की ३९?

जुईनगरकर
मुलगा २२ वर्षांचा, कोपरखैरणेत पकडला. पंचनाम्यात एमडी १.६ ग्रॅम, विक्रीचा आरोप नाही. घरच्यांना कुणीतरी सांगितलंय की एनडीपीएसचं स्पेशल कोर्ट व्यसनमुक्तीला पाठवतं आणि केस संपते. असं कोर्ट बेलापूर-ठाण्यात आहे का? नसेल तर आधी काय करायचं, नंतर काय?

कोर्टनाका_ठाणे
'स्पेशल' शब्दाने घोळ होतो. अमेरिकेत मायामीला १९८९ मध्ये सुरू झालेलं ड्रग कोर्ट वेगळं. तिथे न्यायाधीश आरोपीला ठरावीक दिवसांनी समोर बोलावतात, लघवीची तपासणी आणि उपचाराची हजेरी बघतात. आपल्याकडचं कलम ३६ चं विशेष न्यायालय हे ३ वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. एमडीची स्मॉल क्वांटिटी (कायद्याने 'अल्प' धरलेलं वजन) २ ग्रॅमहून कमी. कलम २२(ए) खाली १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच चालते.

वाटा दोन. ६४ए मध्ये व्यसनी आरोपीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले की हे संरक्षण काढून घेता येतं. ३९ मात्र दोषी ठरल्यानंतर लागतं. लगेच शिक्षा न देता, आरोपीच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडतात. १ वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टात द्यायचा. तो पटला तर समज देऊन आणि पुन्हा बंधपत्र घेऊन सोडतात, त्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. पण दोष सिद्ध झालेला असतो. म्हणून आधी ६४ए.

प्रोबेशनच्या (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याच्या) भरवशावर राहू नका. कलम ३३ प्रमाणे वय १८ च्या वर असेल तर प्रोबेशन फक्त २६ आणि २७ (सेवन) खालच्या गुन्ह्यांत मिळतं. जवळ बाळगल्याची २२(ए) त्यात बसत नाही. चार्जशीटवर २७ आहे की २२, हे आधी बघा. अर्ध्या चुका इथेच होतात.

समुपदेशन_कक्ष
कायद्याने 'व्यसनी' म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. लघवीचा अहवाल पॉझिटिव्ह आला एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. पार्टीत दोनदा घेतलेल्या मुलाला ६४ए मिळणं अवघडच. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाच्या केसपेपरवर किती दिवसांपासून, किती वेळा, न घेतल्यावर काय होतं, हे लिहिलेलं हवं. नुसता 'ॲडमिटेड फॉर डिॲडिक्शन' असा एका ओळीचा दाखला सरकारी वकील लगेच खोडून काढतात.

केंद्र निवडताना मान्यतेचा कागद मागा, आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. फ्लॅटमध्ये चालवलेल्या, कुलूप लावून ठेवणाऱ्या जागा कोर्टात चालत नाहीत. शिवाय तिथे घरच्यांनी उचलून नेलेला मुलगा 'स्वतःहून' आला असं म्हणणार कसं? दाखल होण्याच्या अर्जावर त्याची स्वतःची सही घ्या, तारखेसह.

एमडीत एक वेगळी अडचण आहे. पहिले काही दिवस मुलगा नुसता झोपतो, मग मन खाली जातं, आणि 'बरा झालो' म्हणत घरी निघतो. सल्ला डावलून घेतलेला डिस्चार्ज कागदावर तसाच येतो, आणि तोच कागद पुढे आड येतो. फॉलोअपच्या तारखांवरही शिक्के घ्या. केंद्राची माहिती १४४४६ वर मिळते, फोन मोफत.

जुईनगरकर
वजन पुडीसकट धरलं असेल तर? आणि १७ वर्षांचा असता तर?

कोर्टनाका_ठाणे
पंचनाम्यात 'पुडीसह' आणि 'निव्वळ' असे दोन आकडे आहेत का ते पाहा. एकच असेल तर वकिलांनी तिथेच बोट ठेवायचं, प्लास्टिकच्या पुडीचंही वजन असतं. भेसळ मात्र मोजली जाते. २०२० च्या हीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं पूर्ण वजन धरायला सांगितलंय, त्यामुळे मालात खडूची पूड असली तरी सुटका नाही. निव्वळ वजन २.१ भरलं तर खेळच बदलतो: १० वर्षांपर्यंत शिक्षा, विशेष न्यायालय, आणि ६४ए बंद. कलिनाच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय कुठलीच बाजू पक्की धरू नका.

१७ चा असेल तर बाल न्याय मंडळाकडे जायचं. तिथे एफआयआरचा आग्रह सहसा नसतो, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल महत्त्वाचा. शाळेचा दाखला लगेच द्या.

अर्ज लेखी आणि लवकर करा, दोषारोपपत्राची वाट बघत उपचार लांबवू नका. एक इशारा: '६४ए हवं' म्हणताना 'माल माझा नव्हताच' हे म्हणणं पातळ होतं. पंचनाम्यात दम नसेल तर खटला लढणंच बरं. हा निर्णय वकिलाबरोबर बसून घ्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.