ध्रुपद आणि ब्लॅक मेटल दोन्ही ऐकणारा माणूस शोधायचा कुठे?

खर्ज:
झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा संपली की माझ्याकडे नॉर्वेचं ब्लॅक मेटल (कर्कश गिटारींचं रॉक) लागतं, मग मालीचा गिटारवादक अली फार्का तूरे. ध्रुपदवाल्या ग्रुपात मेटलचा विषय काढला की सगळे गप्प. मेटलवाल्यांना आलापाची लिंक पाठवली तर 'गाणं सुरू कधी होतं?' गाणी सुचवणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत, मला माणूस हवाय. स्पॉटिफायवर २०२१ पासून ब्लेंड (दोघांच्या आवडीची मिळून एक यादी) आहे, पण त्यात आमंत्रण द्यायला मित्र आधी असावा लागतो! कोणी सोय केलीय का याची?

सव्वादोन:
लास्ट.एफएम. २००२ पासून आहे. ऐकलेलं प्रत्येक गाणं नोंदवतं (स्क्रॉबल म्हणतात) आणि त्यावरून 'शेजारी', म्हणजे तशीच आवड असलेले लोक, दाखवतं.

खर्ज:
खातं आहे. पण शेजार जुळतो तो जे जास्त वाजतं त्यावरून. महिनाभर मेटलच ऐकलं तर शेजारी कोण येणार?

आकडेमोड:
खर्जराव, मी शिफारशींच्या गणितावरच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. तुमच्या आवडीची सरासरी काढली तर ध्रुपद आणि मेटलच्या मधलं काहीतरी मिळेल, आणि ते तुम्ही दोन मिनिटंही ऐकणार नाही. तेव्हा एका माणसाची एकच आवड धरायची नाही, तीन वेगळे गठ्ठे धरायचे.

दुसरं, विरळपणाला वजन द्यायचं. दोघंही बीटल्स ऐकतात यातून काय कळलं? काहीच नाही. रुद्रवीणा दोघांकडे निघाली तर बरंच कळलं, आणि रुद्रवीणेशेजारी दोघांकडे ब्लॅक मेटलही असेल तर मी डोळे झाकून ओळख करून देईन. शोधयंत्रांत ही युक्ती जुनीच आहे: जो शब्द सगळीकडे येतो त्याला किंमत कमी. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी ती १९७२ मध्ये मांडली. माणसं जुळवायलाही चालते, पण कंपन्यांना तुम्ही गाणं ऐकत राहायला हवे असता. गप्पांत त्यांचा काय फायदा?

बी-साइड:
तोवर हातानेच करा. बँडकॅम्पवर (कलाकारांकडून संगीत विकत घ्यायची साइट) अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. चित्रावर टिचकी मारली की त्याचा संग्रह उघडतो. फार न खपलेला अल्बम निवडायचा. गाजलेल्याला गर्दी असते. पैसे मोजून घेतलेलं असतं, त्यामुळे आवड खरी. (फुकट ऐकण्यावर माझा विश्वास नाही, मीही झोपेत बरंच 'ऐकलेलं' आहे.)

सव्वादोन:
पण तिन्ही गठ्ठे जुळणारा शोधू नकोस. दोन जुळले तर तिसऱ्यात तुला काहीतरी नवं मिळेल.

खर्ज:
बी-साइड, सापडला! वीणेच्या एका अल्बमखाली. संग्रहात डूम मेटल आणि बल्गेरियन बायकांचं समूहगान. प्रोफाइलवर ब्लॉगची लिंकही आहे. पहिल्यांदा काय लिहू?

बी-साइड:
त्याच्याकडे नसलेल्या एका अल्बमचं नाव.