प्रशिक्षणानंतर ‘उद्या या’ गेलं, ‘त्रुटी’ आली

बांधावरचा
परवा एकांनी लिहिलं होतं की तलाठी, ग्रामसेवक, कारकून यांना सुशासनाचं प्रशिक्षण दिलं की सहा महिन्यांत फरक दिसतो, लोकांनी आता नावं ठेवणं बंद करावं. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. फरक दिसतो, मान्य. कसला ते सांगतो. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज केला. त्याआधी त्याच टेबलावर ‘उद्या या’ ऐकायची सवय होती. मग साहेब तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आले, आणि माझा अर्ज एकदा नाही तीनदा ‘त्रुटी’ म्हणून परत आला. पहिल्यांदा प्रतिज्ञापत्रात आत्याचं नाव नाही, ते घातलं तर मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, ते निस्तरलं तर आठ अ म्हणजे खात्याचा उतारा जोडलेला नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या की! पण त्यांच्या हिशोबात ते तीन वेगळे अर्ज आणि तिन्ही मुदतीत निकाली. माझ्या हिशोबात पाच महिने गेले. प्रशिक्षणातून त्यांना सुशासन म्हणजे काय कळलं तर अर्ज आपल्या लॉगिनवर पडून राहता कामा नये. माणसाचं काम झालं की नाही हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

आवक_जावक
दादा मी ग्रामसेवक आहे, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात ग्रामसेवकच म्हणतात. माझ्याकडे एक गाव मूळचं आणि दोन अतिरिक्त कार्यभार. तुमचा राग समजतो पण प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवत नाहीत. तिथे सांगतात नागरिक केंद्रस्थानी ठेवा, कारण लेखी द्या, एकाच वेळी सगळ्या त्रुटी कळवा. खरंच सांगतात, माझ्या वहीत लिहिलेलं आहे. पण प्रशिक्षण संपलं त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, उद्या ११ पर्यंत प्रलंबित शून्य करून अहवाल पाठवा, ज्यांचे शून्य नाहीत त्यांची नावं आढावा बैठकीत वाचली जातील. आता सांगा, माणूस वहीतलं लक्षात ठेवेल की मेसेज? शून्य करायचे रस्ते दोन, काम करा किंवा परत पाठवा. दुसऱ्याला दोन मिनिटं लागतात.

बांधावरचा
म्हणजे तुम्ही पाठवता परत. सरळ म्हणा ना.

आवक_जावक
पाठवलेत, हो. सगळे नाही, पण पाठवलेत. झोप उडते म्हणून तर लिहितोय, नाहीतर गप्प बसलो असतो.

अव्वल_निवृत्त
मी ३१ वर्षं महसुलात काढली. १९८०च्या दशकात अहमदनगरला कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयं सुधारली, त्यालाच लखिना पॅटर्न म्हणतात. त्यात सुशासन हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नव्हतं. अभिलेखांची वर्गवारी करा, जुने निरुपयोगी कागद बाहेर काढा, कोणतं काम कुठे होतं ते लोकांना दिसू द्या. फाईल सापडायला लागली की निम्मी दिरंगाई तिथेच संपते. आजच्या पोरांना सुशासनाची आठ तत्त्वं पाठ आहेत, सहभाग, पारदर्शकता, उत्तरदायित्व वगैरे, आणि स्वतःच्या कपाटात कुठला गठ्ठा आहे ते माहीत नाही. पण बांधावरच्या भाऊंना एक विचारतो, अर्ज पूर्ण भरून का देत नाही तुम्ही लोक? आमच्यावेळी दहातले सहा अर्ज अर्धवट असायचे आणि दोष मात्र कारकुनाचा.

पोच_द्या_आधी
काका, अर्धवट अर्ज म्हणताय तर मूळ दुखण्याकडे या. पोच! लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, अर्ज घेतला की पोच द्यायची, सेवा नाकारली तर कारण लेखी कळवायचं, हे कायद्यातच आहे. मुदत कधी धरायची? पूर्ण अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आणि पूर्ण आहे की नाही हे कोण ठरवणार? तोच टेबलावरचा माणूस. आईच्या दाखल्यासाठी मी चार फेऱ्या मारल्या, दरवेळी ‘ठेवून जा, बघतो’. पोच मागितली तर म्हणाले एवढा अविश्वास आहे का आमच्यावर. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे अपील कशाच्या जोरावर करू? दोन अपिलं कार्यालयात, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे, दंड ५०० ते ५००० रुपये, सगळं कागदावर आहे. एका चिठ्ठीवाचून सगळं बाद.

अव्वल_निवृत्त
आमच्यावेळी आवक नोंदवहीत नोंद व्हायची आणि प्रतीवर शिक्का मिळायचा. मागितल्यावर नाही म्हटलेलं मला आठवत नाही. उगाच सगळ्या खात्याला बदनाम करू नका.

पोच_द्या_आधी
‘मागितल्यावर’! काका तुम्हीच बोललात बघा. माझी आई मागणार आहे का? साहेबांसमोर तिचा आवाज निघत नाही. जो भांडू शकतो त्यालाच कागद मिळतो, याला तुम्ही चांगलं प्रशासन म्हणता?

अव्वल_निवृत्त
माझ्या वयाचा तरी मान ठेवा. पावसात गळणाऱ्या खोलीत बसून लोकांचे दाखले लिहिलेत मी, रविवारीसुद्धा.

पोच_द्या_आधी
तुमच्या कष्टांबद्दल मी काही बोललेलोच नाही. पोचेबद्दल बोला.

आवक_जावक
ऑनलाईन अर्जाला टोकन आपोआप येतं, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीइतका राहिला नाही असं माझं मत.

बांधावरचा
टोकन माझ्या प्रत्येक अर्जाला आलं. तीन टोकनं आहेत माझ्याकडे. नवीन टोकन म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून, हे कोणी लक्षात घेतच नाही. पोचवाल्या भाऊंचा मुद्दा बरोबर आहे पण आता पोच असून फसवलं जातं.

माजी_सरपंच_ताई
सगळे अर्जावरच अडकलात. महिला राखीव जागेवरून मी पाच वर्षं सरपंच होते, प्रशिक्षण आम्हालाही होतं आणि आमच्या गावच्या ग्रामसेवक भाऊंनाही. त्यात सहभाग यावर मोठं व्याख्यान झालं, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्या, त्यांचे विषय पटलावर आणा. परत आलो आणि भाऊंनी शिपायाला रजिस्टर घेऊन घरोघर पाठवलं, बायकांच्या सह्या आणायला. मी विचारलं सभा कधी आहे, तर म्हणाले ताई, सह्या झाल्या की सभा झालीच. ते वाईट नव्हते, मला कधी अपमानाने बोलले नाहीत. त्यांना मनापासून वाटत होतं की सहभाग म्हणजे सह्या, कारण तपासायला येणारे सह्याच मोजायचे. मी हट्टाने शाळेच्या ओट्यावर सभा घेतली, २३ बायका आल्या, पाण्याच्या टाकीची जागा चुकलीये हे तिथेच कळलं. इंजिनियरला कळलं नव्हतं ते. पुढच्या सभेला भाऊ स्वतः सतरंजी घेऊन आले. व्याख्यानाने जे झालं नाही ते टाकीने झालं.

फळा_खडू
मी प्रशिक्षण देतो, १२ वर्षं झाली, त्यामुळे इथे शिव्या खायला बसलोच आहे. ताईंनी सांगितलं ते आमच्या पद्धतीचं खरं अपयश आहे. शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतो, वक्ता कसा वाटला, विषय उपयुक्त होता का. १९५९ मध्ये कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, कळलं का, वागण्यात आलं का, परिणाम झाला का. आम्ही पहिल्या पायरीवर थांबतो, फार तर दुसरी. तिसरी बघायची तर सहा महिन्यांनी त्या टेबलासमोर जाऊन बसावं लागेल, आणि तो दौरा माझ्या आदेशात नसतो. पण प्रशिक्षणच निरुपयोगी हे मला अजिबात मान्य नाही. दफ्तर दिरंगाईचा २००५चा कायदा आहे आणि फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही, हे कित्येकांना माझ्या वर्गात पहिल्यांदा कळतं.

बांधावरचा
कळतं म्हणूनच सातव्या दिवशी त्रुटी निघते सर.

फळा_खडू
हे टोचलं. पण नाकारता येत नाही, पुढच्या वर्गात याच उदाहरणाने सुरुवात करीन, तुमची परवानगी असेल तर.

अव्वल_निवृत्त
२०२५च्या राज्य सरकारच्या १०० दिवसांच्या कार्यालय सुधारणा कार्यक्रमात आमच्या जुन्या कार्यालयात गेलो होतो. रंग, फलक, बसायला बाकडं, पिण्याचं पाणी, अभिलेख कक्ष स्वच्छ. डोळ्यात पाणी आलं. ते काहीच नाही असं कोणी म्हणू नका.

पोच_द्या_आधी
नाही म्हणत काका. आई त्या बाकड्यावर बसली होती, तेवढं बरं झालं. पोच मिळाली नाही.

अव्वल_निवृत्त
ठीक आहे. न मागता द्यायला हवी होती. आम्हीही द्यायला हवी होती.

आवक_जावक
सोमवारपासून एक करून बघतो. परत पाठवताना सगळ्या त्रुटी एकाच वेळी लिहीन आणि जुन्या टोकनचा नंबर शेऱ्यात टाकीन, म्हणजे पहिली तारीख पुसली जाणार नाही. प्रलंबित वाढतील, बैठकीत नाव वाचलं जाईल. फळा_खडू सर, तुमच्या वर्गात एकदा आमच्या आढावा घेणाऱ्या साहेबांनाही बसवा.

बांधावरचा
साहेबांचं माहीत नाही, पण तुम्ही नंबर टाकलात तर इथे येऊन सांगा. माझी नोंद अजून झालेली नाही.