कोंबड्या लेयर भरड्यातला मका तेवढा वेचतात, भुकटी तशीच टाकतात

परसदार_मरोळ
मरोळ गावठाणात घरामागे लहानसं अंगण आहे. सहा कोंबड्या आहेत, चार गावठी आणि दोन आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या), सगळ्या साधारण ११ महिन्यांच्या. सकाळी लेयर भरडा, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, घालते. अर्ध्या तासात मक्याचे कण संपतात आणि तळाशी पिवळट भुकटी उरते, तिला कुणी तोंड लावत नाही. संध्याकाळी ती फेकून द्यावी लागते. मग भुकेने कालवा करतात म्हणून दोन मुठी तांदूळ टाकते. शिवाय शेजारून शिळा भात आणि पाव येतो, त्यावर मात्र तुटून पडतात. या आठवड्यात आर.आय.आर.ची दोन अंडी मऊ कवचाची निघाली. भुकटी खायला कशी लावायची? एक दिवस उपाशी ठेवलं तर चालेल का? की सरळ पेलेट, म्हणजे गोळ्यांचं खाद्य, आणू?

दाणापाणी
उपाशी ठेवू नका. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसभर खाणं मिळालं नाही तर अंडी थांबतात आणि एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं.

कोंबडी चवीपेक्षा डोळ्यांनी निवडते. चोचीत नीट पकडता येईल असा कण तिला आधी हवा असतो आणि भरड्यात तसा कण मक्याचा. सोयापेंडीचा चुरा, जीवनसत्त्वं, खनिजं हे सगळं त्या भुकटीत असतं. म्हणजे पिशवीतला महागाचा भाग तुम्ही रोज फेकताय.

हिशोब बघा. आर.आय.आर. दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाते. लेयर खाद्यात प्रथिनं १७ टक्के आणि कॅल्शियम ३.८ टक्क्यांच्या आसपास धरा. ती ७० ग्रॅम भरडा आणि ५० ग्रॅम तांदूळ-पाव खात असेल, तर एकूण प्रथिनं १३ टक्क्यांवर येतात आणि कॅल्शियम मिळतं जेमतेम २.७ ग्रॅम. तेही भरडा भुकटीसकट खाल्ला तर. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, पण खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. म्हणून रोज ४ ग्रॅमच्या पुढे पोटात जायला हवं. कमी पडलं की ती हाडांतून काढते, आणि तेही पुरेनासं झालं की कवच मऊ येतं. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय.

उपाय सोपा आहे, भरडा ओला करा. गावठीला ८०-९० ग्रॅम धरून सहाजणींचं मिळून दिवसाचं खाद्य ६०० ग्रॅम होतं. सकाळी त्यातलं ४०० ग्रॅम घ्या, त्यात १३० मिली पाणी घालून कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा आणि बोट लावताच मोडावा. बोटांतून पाणी गळलं तर जास्त झालं. असा ओला भरडा चोचीला चिकटत नाही आणि भुकटी कणांना धरून राहते, वेचायला काही उरतच नाही. तास-दीड तासात उचला, भांडं घासून वाळवा. मुंबईच्या हवेत दुपारपर्यंत ठेवलेला भरडा आंबतो. उरलेलं २०० ग्रॅम दुपारनंतर कोरडं घाला, पण तळ साफ झाल्याशिवाय वर नवं खाद्य ओतू नका. सगळ्यात मोठी चूक तीच होते, कारण वर ताजा मका पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि तो भात-पाव बंद. शेजाऱ्यांना प्रेमाने सांगा. वरचा खाऊ कोंबडीमागे १० ग्रॅम, म्हणजे सहाजणींना एक लहान वाटी गहू, तोही संध्याकाळी चार-पाचनंतर, खाद्य खाऊन झाल्यावर. पहिले चार-पाच दिवस दारात येऊन ओरडतील. तुम्ही दिसलात की तांदूळ मिळतो हे त्या शिकल्यात, ते हळूहळू विसरतील.

आधी_वास_घ्या
वरचं सगळं मान्य, पण जुलै चालू आहे, तेव्हा आधी पिशवीत हात घाला. भरडा थंड, कोरडा आणि सुटा लागला पाहिजे. गुठळ्या, कुबट वास, हाताला ऊब, हिरवट-करडी छटा, यातलं एक जरी दिसलं तर तो नखरा नव्हे, कोंबड्या बुरशीचं खाद्य नाकारत आहेत. मक्यात आणि शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तयार होतं. ते उकळून किंवा उन्हात घालून जात नाही, यकृतावर घाव घालतं. अशी पिशवी पूर्ण टाकायची, चाळून वापरायची नाही.

दिवसाला ६०० ग्रॅम लागत असताना ५० किलोचं पोतं ऐंशी दिवसांवर पुरतं. पावसाळ्यात हे फार झालं. १२ किलो आणा, तीन आठवड्यांत संपवा. सुटं घेताना दुकानदाराकडे मूळ पोत्यावरची उत्पादनाची तारीख बघायला मागा. घट्ट झाकणाच्या पिंपात, दोन विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

पेलेटचं म्हणाल तर वेचणं खरंच थांबतं, कारण प्रत्येक गोळीत सगळं सारखंच असतं. गावठीच्या चोचीला त्याहून बारीक क्रम्बल, म्हणजे पेलेटचा चुरा, बरं पडतं. फक्त पागोळ्यांचं पाणी लागलं की त्याचा लगदा होतो, त्यामुळे फीडर छपराखालीच हवा. बदल ८-१० दिवसांत करा: पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एका दिवसात बदललंत तर नवं दिसतं म्हणूनच खाणार नाहीत. आणि पिशवीवर ‘लेयर’ लिहिलेलंच घ्या. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपासच असतं.

फीडरची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच टांगा आणि एक तृतीयांशच भरा. नुसत्या एवढ्याने उधळण बरीच कमी होते.

शिंपला
मऊ कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती तेवढंच घेते. तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं घरात असतातच. ती उकळून, खडखडीत वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा. पीठ करू नका. कवच मुख्यतः रात्री बनतं, आणि जाडसर तुकडा पोट्यात (दाणे दळणाऱ्या जठरात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतो. पण शिंपला दळायच्या कामाचा नाही. गहू-पाला पचायला पोट्यात कडक खडे लागतात, त्यासाठी बारीक धुतलेली खडी दुसऱ्या वाटीत.

प्रथिनं वाढवायला सुकट किंवा जवळा चालेल, बिनमिठाचा. अर्धा तास भिजवून, पाणी फेकून, कोंबडीमागे ५ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. जास्त घातलात तर अंड्याला वास येतो. खारवलेली मासळी मुळीच नको. कच्ची कडधान्यं आणि बटाट्याची हिरवी सालंही नकोत. शेवग्याचा पाला जुडी बांधून टांगा, जमिनीवर टाकलेला पाला चिखलात तुडवला जातो.

परसदार_मरोळ
पिशवी तपासली, सुटी आहे, वास नाही. ओला भरडा आज पहिल्यांदा संपला. पण एक गावठी मागेच उभी राहते, बाकीच्या टोचतात. तिची गळ्याखालची पिशवी सकाळीसुद्धा भरलेली लागली.

दाणापाणी
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोचण्यासाठी भांडी दोन करा, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी ठेवा. कोंबडीमागे किमान १० सेंटिमीटर कड मिळायला हवी.

गळ्याखालच्या पिशवीकडे मात्र आजच लक्ष द्या. ती रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. आज संध्याकाळपासून तिला वेगळं ठेवा, फक्त स्वच्छ पाणी द्या. उजाडताच, काही खायला घालण्याआधी चाचपा. रिकामी असेल तर भांड्याचाच प्रश्न होता. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर लांब गवत, दोरा किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असू शकतं. पाणी भरल्यासारखी डुचमळली आणि चोचीला आंबट वास आला तर आत आंबलंय. दोन्हीत उलटं धरून पिळू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी जागीच दगावू शकते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या प्राण्यांच्या रुग्णालयात न्या, जाताना तिची ताजी विष्ठा डबीत घ्या, म्हणजे जंतांची तपासणीही होईल. ती खुडूक (अंडी उबवायला बसलेली) नाही ना, हेही बघा. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि थोडंच खाते, पण तिची पिशवी सकाळी रिकामीच असते.