मदत हवी आहे : मानेच्या ऑपरेशननंतर वडिलांचा उजवा हात खांद्यातून उचलला जात नाहीये, सी-५ पाल्सी म्हणतात

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा.

आमचे आप्पा, वय ६७, शुगर आहे, गाव सांगली जिल्ह्यात. वर्षभर त्यांच्या हातातनं वस्तू निसटायच्या, शर्टाची बटणं लावता यायची नाहीत, चालताना तोल जायचा आणि पायातली चप्पल कधी निघाली तेच कळायचं नाही. सगळे म्हणाले वय झालं, मग बी-१२ ची इंजेक्शनं झाली, शेवटी एमआरआयमध्ये दिसलं की मानेच्या मणक्यातलं लिगामेंट हाडासारखं कडक झालंय (ओपीएलएल) आणि सी-३ पासून सी-६ पर्यंत (मानेचा तिसरा ते सहावा मणका) मज्जारज्जू दाबला गेलाय. असंच ठेवलं तर पाय जातील, लघवीवरचा कंट्रोल पण जाऊ शकतो म्हणाले, म्हणून मानेच्या मागून लॅमिनेक्टॉमी (मणक्याचं मागचं हाड काढणं) केली, स्क्रू-रॉड टाकले.

पहिले दोन दिवस छान गेले, मूठ घट्ट वळायला लागली, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घ्यायला गेले तर उजवा हात खांद्यातून उचलेचना, कोपरात पण नीट वाकेना, बोटं मात्र एकदम व्यवस्थित. सर्जननी लगेच परत एमआरआय आणि सीटी केला. रक्ताची गाठ नाही, रज्जू मोकळा झालाय, स्क्रू जागेवर आहेत. मग म्हणाले ही सी-५ पाल्सी आहे, म्हणजे मानेतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या मुळाची कमजोरी.

मला समजलं ते असं, की मागचं हाड काढलं की इतके दिवस दबलेला रज्जू मागे सरकतो आणि त्याच्याबरोबर नसांची मुळं ताणली जातात, सी-५ चं मूळ आखूड असतं आणि खांद्याचा डेल्टॉइड स्नायू मुख्यतः त्याच्यावरच चालतो म्हणून फटका तिथे बसतो. हेच एक कारण असं डॉक्टर लोकही ठामपणे म्हणत नाहीत. अशा ऑपरेशननंतर शंभरात साधारण पाचेक जणांना होतं म्हणे, बहुतेकांचं सहा महिन्यांत बरंच भरून येतं, काहींना दोन वर्षांपर्यंत लागतात, थोड्यांची कमजोरी राहते. सही घेताना पॅरालिसिस, इन्फेक्शन, सगळं सांगितलं होतं, हे नाव मात्र आम्ही नंतर ऐकलं. आधी कळलं असतं तर आप्पा एवढे खचले नसते असं मला राहून राहून वाटतं.

आता घरी आणून दीड महिना होत आला. डेल्टॉइडची पॉवर ५ पैकी २ (५ म्हणजे पूर्ण ताकद), कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सची ३. बटणं स्वतः लावतात, चालणं कितीतरी सुधारलंय, पण टोपी आई घालते आणि घास डाव्या हाताने खातात, त्यामुळे त्यांच्या लेखी ऑपरेशन फेल. भेटायला येणारा प्रत्येक जण "मानेचं ऑपरेशन करायचंच नसतं" म्हणून जातो. एक पाहुणे तर मान झटकून नस बसवणाऱ्याकडे न्यायला निघालेत, मी सक्त नाही म्हटलंय.

कोणाच्या घरी हे झालंय का, हात कधी वर जायला लागला? ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) आत्ता करावा का? नुसतं थांबायचं की कुठल्या महिन्यानंतर दुसऱ्या कोणाला दाखवायचं, कारण थांबण्यात वेळ निघून जाईल हीच भीती वाटते.

प्रतिसाद :
ताई, मी न्यूरो फिजिओ आहे, कोल्हापूर. पहिलं म्हणजे मान झटकणाऱ्याला अजिबात हात लावू देऊ नका. शुगर असल्याने खांदा आखडायची भीती जास्त, म्हणून रोज झोपवून दुसऱ्या कोणीतरी खांदा हळूहळू फिरवून द्यायचा, सर्जननी सांगितलंय तेवढाच. उठवताना त्या हाताला धरून ओढायचं नाही. चालताना स्लिंग, पण दिवसभर त्यातच अडकवून ठेवू नका. पॉवर २ म्हणजे हाताचं वजन पेललं तर स्नायू हलवतोय, ही चांगली गोष्ट आहे, टेबलावर पावडर टाकून हात बाजूला सरकवायला लावा. ईएमजी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नीट सांगत नाही, आता करायला हरकत नाही. पायात नवीन कमजोरी, लघवी अडकणं, ताप किंवा जखमेतून पाणी, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी गाठा.

प्रतिसाद :
माझ्या मामांना झालं होतं, दोन्ही बाजूंनी नाही, एकाच. चार-पाच महिने काही फरक दिसेना, आणि मग हात हळूहळू वर जायला लागला, आता डोक्यापर्यंत जातो पण जड वस्तू वर ठेवता येत नाही. आम्हाला सांगितलं होतं की सहा महिन्यांच्या आसपास डेल्टॉइड हललाच नाही तर ब्रेकियल प्लेक्ससची (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) कामं करणाऱ्या सर्जनला दाखवा, ते ट्रायसेप्सच्या (दंडाच्या मागचा स्नायू) नसेची एक फांदी खांद्याच्या नसेला जोडतात. नस तुटलेला स्नायू वर्षभराने परत जिवंत करणं अवघड जातं, म्हणून ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमच्याकडे पॉवर २ आहे म्हणजे कदाचित तिथवर जाणारही नाही.

धागाकर्ती :
दोघांचेही खूप आभार, सगळं आप्पांना वाचून दाखवलं. मामांचं तर दोनदा वाचायला लावलं. ईएमजीसाठी उद्या मिरजेला फोन करते. एक विचारायचं राहिलं, मामा परत गाडी वगैरे चालवतात का, आणि कितव्या महिन्यापासून? आप्पा रोज ट्रॅक्टरचं विचारतात आणि मला काय उत्तर द्यावं कळत नाही.